तेरच्या वस्तू, अलेक्झांड्रियाचा सूर

हवेच्या झोतावर फिरणारी चिमुकली टर्बाइनं जमवून त्यांची घरघर ऐकत बसणारे हौशी लोक आहेत. या छंदाचं मूळ शोधत गेलं, की आपण पहिल्या शतकातल्या अलेक्झांड्रियात पोहोचतो. तिथल्या हेरॉनने वाऱ्यावर वाजणाऱ्या वाद्याची रचना लिहून ठेवली. पाती फिरली की आसावरच्या खुंट्या दट्ट्या उचलतात. तो खाली आला की हवा नळ्यांत शिरते आणि सूर निघतो.

त्याच शतकातल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणच्या पूर्वेला १० दिवसांच्या वाटेवरचं तगर भेटतं. ते म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, हे फ्लीटने १९०१ मध्ये दाखवलं. इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदरात जाई. यावरून हेरॉनचं यंत्र तेरला आलं, असं मात्र म्हणता येत नाही.

मुद्दा वेगळाच आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंमुळे तेरचं संग्रहालय उभं राहिलं. तिथे तुम्हाला जुनं तगर बघायला मिळतं, ऐकायला नाही. हेरॉनचा सूर मात्र आजही पुन्हा वाजवता येतो, कारण त्याची रचना कागदावर उरली. तेव्हा तुम्ही काही जमवत असाल, तर ते कसं चालतं आणि कसं वाजतं, हेही लिहून ठेवा.