मुरबाडचे नाना आणि आपली आसनगाव लोकल

आपल्या सोसायटीतली निम्मी मंडळी गेली पंचवीस वर्षं सकाळी अंधारात रिक्षा पकडून आसनगाव स्टेशनवर जातात. गाडी उशिरा आली की रेल्वेला शिव्या घालतात, वेळेवर आली तर जागेसाठी भांडतात. पण मुंबईत रेल्वे यावी म्हणून ज्या पहिल्या चार माणसांनी खटपट केली, त्यातला एक आपल्या शेजारच्या मुरबाडचा, हे यातल्या किती जणांना ठाऊक आहे? रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्या असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा मी ठरवलं की लिहायचं ते नाना शंकरशेटांवर. मी मूळचा मुरबाडचा, त्यामुळे थोडा अभिमान वाटेल, तो वाचकांनी सांभाळून घ्यावा.

नानांचं पूर्ण नाव जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे. जन्म मुरबाडचा, १० फेब्रुवारी १८०३. (आमच्याकडे पुष्कळांना वाटतं की तालुक्यातल्या नाणेघाटाचा नानांशी संबंध आहे. तसा काही नाही. नाणेघाट दोन हजार वर्षांपूर्वीचा, सातवाहनांच्या काळातला. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा शिलालेख आहे, त्यात यज्ञात दिलेल्या गाईंचा आणि नाण्यांचा हिशेब कोरलेला आहे. तेव्हा दान आणि व्यापार आमच्या तालुक्याला नवा नाही, एवढंच म्हणेन.)

घराणं दैवज्ञ, धंदा सावकारी आणि व्यापार. अठराव्या शतकात या घराण्याने मुंबई गाठली. फोर्टातली गनबो स्ट्रीट म्हणतात ना, ते ‘गनबो’ म्हणजे याच घराण्यातल्या गणबाशेटच्या नावाचं साहेबी तोंडात झालेलं रूप. नानांच्या वडिलांनी, शंकरशेटांनी, टिपूच्या लढाईच्या धामधुमीत मोठी कमाई केली. १८२२ साली ते वारले आणि सगळा कारभार एकोणीस वर्षांच्या नानांवर येऊन पडला. त्या वयात हातात एवढा पैसा आलेली माणसं पुढे काय होतात, हे आपण आपल्या आसपास जमिनीचे भाव वाढल्यापासून रोज बघतोच आहोत.

नानांनी पेढी सांभाळलीच, पण ऐन विशीत त्यांचं लक्ष गेलं शाळांकडे. एल्फिन्स्टन साहेबाच्या काळात मुंबईत देशी मुलांच्या शिक्षणासाठी जी सोसायटी निघाली तिच्यात ते होते. १८२७ साली साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या नावाने निधी जमवला गेला, त्यातून पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभं राहिलं. १८४० मध्ये सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमलं, त्यावर नाना सोळा वर्षं होते.

इथे थोडं थांबतो, कारण ही गोष्ट मला रेल्वेपेक्षा मोठी वाटते. बोर्डाचे अध्यक्ष होते अर्स्किन पेरी, मोठे न्यायाधीश. त्यांचं म्हणणं, पैसा थोडा आहे, तो मूठभर मुलांना इंग्रजीतून उत्तम शिकवण्यावर घाला. नाना उलट बाजूला उभे राहिले. त्यांच्या बाजूला फ्रामजी कावसजी हे पारशी गृहस्थ, मोहम्मद इब्राहिम मकबा हे मुसलमान गृहस्थ, आणि कर्नल जर्व्हिस नावाचा एक साहेबसुद्धा! नानांचं म्हणणं साधं होतं. इंग्रजी शिका, तिला विरोध नाही, पण विद्या सर्वसामान्य माणसाच्या घरात पोचवायची असेल तर ती त्याच्या बोलीतूनच पोचेल. हे बोलणारा माणूस स्वतः इंग्रजी उत्तम जाणणारा, साहेबांच्या मांडीला मांडी लावून बसणारा. त्याला वैयक्तिक गरज काहीच नव्हती. निकाल पूर्णपणे नानांच्या बाजूने लागला नाही, वरचं शिक्षण इंग्रजीकडेच गेलं. आज आपल्या सोसायटीतून सकाळी तीन पिवळ्या स्कूल बस भरून जातात, त्या सगळ्या इंग्रजी माध्यमाच्या, माझा नातू धरून. पेरीसाहेब जिंकला म्हणायचं!

दुसरी गोष्ट मुलींच्या शाळेची. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी एक सभा काढली, दादाभाई नौरोजी त्यातलेच. या पोरांनी मुलींच्या शाळा काढायचं ठरवलं. पण जागा कोण देणार? मुलगी शिकली तर घर बुडेल असं म्हणायचा तो काळ. पुण्यात याच सुमारास सावित्रीबाई-जोतीरावांना काय सोसावं लागलं ते सर्वांना माहीत आहे. नानांनी गिरगावात स्वतःच्या आवारात मुलींच्या शाळेला जागा दिली. आता नाना काही बंडखोर नव्हते. देवधर्म मानणारे, रूढी एकदम मोडू नये अशा मताचे, सावध गृहस्थ. म्हणूनच त्यांच्या या जागेचं मोल जास्त. बंडखोराने दिलेल्या जागेत लोक मुली पाठवते ना, पण शेटजींच्या वाड्यात शाळा भरते म्हटल्यावर आयांना धीर आला असणार. घरातला वडीलधारा माणूस ‘जाऊ दे तिला’ म्हणाला की बाकीचे गप्प बसतात, तसं काहीसं.

बाकी कामांची यादी लांब आहे, ती भराभर सांगतो. ग्रँट रोडच्या नाटकगृहाला जागा दिली. १८५२ साली बॉम्बे असोसिएशन निघाली, देशी लोकांची गाऱ्हाणी थेट विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत नेणारी, तिचे नाना अध्यक्ष. सोनापूरची स्मशानभूमी शिवडीला हलवायचा सरकारचा बेत होता, नानांनी तो होऊ दिला नाही. गरिबाने मढं खांद्यावर घेऊन इतक्या लांब जायचं कसं, हा विचार श्रीमंताला सुचणं मला विशेष वाटतं. १८५७ साली त्यांच्यावरच संशय घेतला गेला, चौकशी झाली, त्यातून निर्दोष सुटले. १८६२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गेले.

आणि रेल्वे. १८४५ मध्ये नाना आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी पुढाकार घेतला, पुढे जी.आय.पी. कंपनी झाली तेव्हा इथल्या कमिटीवर हे दोघे हिंदी होते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ही चौतीस किलोमीटरची पहिली गाडी धावली, ते शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. पाठ केलेलं नसतं ते पुढचं. १८५४ ला गाडी कल्याणला आली. १८५५ ला वासिंदला, म्हणजे आपल्या शहापूर तालुक्यात! १८६१ ला कसाऱ्याला. मग थळ घाट चढून १८६५ च्या आरंभी इगतपुरी. या घाटकामांत रोगराईने आणि अपघाताने कितीतरी मजूर गेले, त्यांची नावं कुठल्याच फरशीवर नाहीत, हेही नानांचं कौतुक करताना लक्षात ठेवलं पाहिजे. त्याच वर्षी, ३१ जुलै १८६५ ला नाना गेले. मुंबईत तेव्हा शेअरबाजार कोसळून एका महिन्यात लक्षाधीशांचे भिकारी झाले होते. त्यातल्या बऱ्याच जणांची नावं आज कुणाला सांगता येणार नाहीत.

नानांचं नाव मात्र आम्हा मास्तर लोकांच्या तोंडी राहिलं ते शिष्यवृत्तीमुळे. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. १९१२ साली ती मिळाली चिंतामणराव देशमुखांना, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले ते. माझ्या शाळेतल्या एका मुलीचे दोन गुण कमी पडले होते. त्या रात्री तिच्यापेक्षा मला जास्त झोप आली नाही.

मागच्या वार्षिक सभेत देणगीदारांच्या फरशीवर कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली यावरून पाऊण तास वाद झाला. कोण काय बोललं ते लिहीत नाही, सगळे आपलेच आहेत. तेव्हा माझ्या मनात आलं, नानांचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये आहे, गिरगावाजवळ नाना चौक आहे, आणि राज्य सरकारने २०२४ मध्ये मुंबई सेंट्रल स्टेशनला त्यांचं नाव देण्याचा निर्णय घेतला. आपला भाग मुंबईला तानसा-भातसाचं पाणी देतो आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकर येतो. नानांचंही तसंच झालं. ज्याने मुंबईला गाडी आणली, त्याच्या मुरबाडला जायला अजून कल्याणला उतरून एसटीच धरावी लागते.