विद्यार्थी वैमानिक (भारत)

छोटे, बहुधा एका इंजिनाचे विमान प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चालवायला शिकणारी आणि त्यासाठी विद्यार्थी परवाना (एसपीएल) धारण करणारी व्यक्ती. हा परवाना विमान नियम, १९३७ खाली मिळतो. किमान वय १६ वर्षे, शिक्षण दहावी. परवानाधारकाला विमान एकट्याने नेता येते, मात्र प्रशिक्षकाच्या अनुमतीने, भारताच्या हद्दीत आणि बाहेर पाहून उडता येईल अशा हवामानातच. सोबत प्रवासी, प्राणी किंवा माल नेता येत नाही. दुसऱ्या विमानतळापर्यंत एकट्याने जायचे तर एकट्याचे १० तास पदरी असावे लागतात आणि मार्गनिर्देशन व हवामानशास्त्र हे विषय सुटलेले असावे लागतात. यापुढचे परवाने खासगी (किमान वय १७) आणि व्यावसायिक (किमान वय १८, २०० तास) असे आहेत.

इतिहास : बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ साली जुहूला सुरू झाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्माचा क्रमांक १ चा परवाना मिळाला. भारतात दिलेला हा पहिला परवाना. परदेशात शिकून विमान चालवणारे भारतीय पहिल्या महायुद्धातही होते. भारत-इंग्लंड अंतर विमानाने एकट्याने पार करण्यासाठी ठेवलेल्या १९३० च्या आगाखान पारितोषिकासाठी टाटा कराचीहून इंग्लंडकडे आणि सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर इंग्लंडहून इकडे निघाला होता. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली, तेव्हा स्पार्क प्लगसाठी अडलेल्या इंजिनियरला टाटांनी आपल्याजवळचा प्लग दिला. पारितोषिक इंजिनियरने जिंकले. पुढे तो हवाई दलाचा प्रमुख झाला. स्त्रियांमध्ये सरला ठकराल (लाहोर, १९३६, जिप्सी मॉथ) हे नाव सहसा पहिले सांगतात, काही नोंदींत उर्मिला पारीख यांचा १९३२ चा परवाना त्याआधीचा दिसतो.

विमाने : मॉथ, टायगर मॉथ, १९५८ साली प्रथम उडालेले हिंदुस्थान एअरक्राफ्टचे पुष्पक, नंतर सेस्ना १५२ व १७२, डायमंड, टेकनाम.

प्रत्यक्ष शिक्षण : प्रत्येक उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारून तपासणी होते. पंखातल्या टाकीच्या तळाच्या झडपेला पारदर्शक पेला लावून थोडे पेट्रोल काढतात. १००एलएल हे विमानाचे पेट्रोल निळसर असते. टाकीत पाणी शिरले असेल तर ते जड असल्याने पेल्याच्या तळाशी बिनरंगी थेंब होऊन बसते. पेल्यात थर दिसला नाही म्हणून भागत नाही, कारण सगळे पाणीच निघाले तरी थर दिसत नाही. म्हणून रंग आणि वास दोन्ही पाहतात.

सरळ उड्डाण, वळणे, चढउतार आणि स्टॉल (पंखांची उचल तुटणे) यांचा सराव झाल्यावर सर्किट सुरू होते : उड्डाण, साधारण हजार फुटांवरून धावपट्टीला सहसा डावा वळसा आणि पुन्हा लँडिंग. शिकण्याचा खरा भाग इथे आहे. जमीन काही फुटांवर आली की पॉवर काढून नाक हळूहळू वर धरायचे, वेग मरू द्यायचा आणि मुख्य चाके आधी टेकवायची. याला फ्लेअर म्हणतात. नवशिक्याची नजर विमानाच्या अगदी पुढ्यातल्या जमिनीवर खिळते. ती भरधाव मागे पळत असल्याने उंचीचा अंदाज चुकतो. कोणी फार वर नाक उचलतो आणि विमान आदळते. कोणी उशिरा उचलतो आणि विमान उसळते. उसळल्यावर नाक खाली दाबण्याची ऊर्मी येते, ती सर्वांत घातक. पुढचे चाक आधी टेकून मोडते आणि प्रोपेलर जमिनीला घासतो. नजर धावपट्टीच्या पलीकडच्या टोकावर ठेवा, असे प्रशिक्षक पहिल्यापासून सांगत असतो. अंगवळणी पडायला मात्र बरीच सर्किट लागतात. स्टॉलमधून गिरक्या घेत खाली येण्याचा, म्हणजे स्पिनचा, सराव प्रत्येकाला द्यावा की नाही, यावर प्रशिक्षकांत मतभेद आहेत.

सोलो : प्रशिक्षक खाली उतरतो आणि विद्यार्थी एक सर्किट एकट्याने करतो. बहुधा प्रशिक्षकासोबतच्या (ड्युअल) दहा-वीस तासांच्या उड्डाणानंतर ही वेळ येते. पण तयारी तासांवरून नव्हे, लँडिंगवरून जोखली जाते. एक माणूस कमी झाल्याचा फरक दोन आसनी सेस्नात चांगलाच जाणवतो. विमान लवकर उचलते, भराभर चढते आणि उतरताना तरंगत पुढे जात राहते. हे आधी बजावले नसेल तर विद्यार्थी गांगरतो. परतल्यावर त्याला पाण्याने भिजवण्याची प्रथा बऱ्याच क्लबांत आहे.

लेखी परीक्षा : पुढच्या परवान्यांसाठी, उत्तीर्णतेस ७० टक्के. रेडिओ टेलिफोनी स्वतंत्र.

प्रशिक्षणस्थळे : रायबरेलीजवळ फुरसतगंज येथे केंद्र शासनाची अकादमी आहे. महाराष्ट्रात बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया (बिरसी) इत्यादी. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर मोठ्या विमानांची वर्दळ वाढल्यावर जवळच्या जुहूच्या आकाशात सर्किटचा सराव अवघड झाला. बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण-प्रशिक्षण धुळ्याला हलले. विदर्भ-खानदेशात उन्हाळ्यात दुपारची हवा विरळ होते, इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही घटतात. म्हणून नवशिक्यांची उड्डाणे सकाळी उरकतात. पावसाळ्यात ढग खाली आले की आठवडेच्या आठवडे वाया जातात.

लॉगबुक : उड्डाणाचे तास यात नोंदतात व प्रशिक्षक त्यावर सही करतो. न उडता भरलेल्या तासांना वैमानिकांच्या बोलीत ‘पार्कर पेनचे तास’ म्हणतात. २०११ साली देशात खोट्या गुणपत्रिका व फुगवलेल्या तासांची प्रकरणे उघडकीस येऊन अटकाही झाल्या.

वैद्यकीय तपासणी : आवश्यक. व्यावसायिक परवान्यासाठी निकष अधिक कडक.

खर्च : लाखांच्या घरात, इंधनाचे भाव व डॉलरचा दर यांनुसार बदलतो.