वृक्षादनी की वृक्षरुहा?

झाडावर दुसरे झाड दिसले की ‘बांडगूळ’ म्हणून मोकळे व्हावयाचे, हा आपला रिवाज फार जुना आहे. अमरकोशात वंदा, वृक्षादनी आणि वृक्षरुहा ही नावे एकाच वनस्पतीची म्हणून दिली आहेत. आता पाहा, झाड खाणारी ती वृक्षादनी आणि झाडावर उगवणारी ती वृक्षरुहा. दोहोंत केवढे अंतर! खरे बांडगूळ आंब्याच्या फांदीत मूळ खुपसून तिचा रस ओढते. त्याच फांदीवरची आमरी सालीला नुसती धरून बसते. अन्न आपल्या पानांत करते, पाणी पावसाचे नि धुक्याचे घेते. अशा वनस्पतींना शास्त्रात अपिवनस्पती म्हणतात. पुढे, कलकत्त्यास एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे सर विल्यम जोन्स यांनी अशाच एका निरुपद्रवी आमरीला ‘वंदा’ हे नाव दिले. ते १७९५ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, छापून आले आणि जगभर रूढ झाले. चोराचे नाव सावाला चिकटले ते असे.

नावाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. पण ही झाडे जगतात कशी याविषयीचे अज्ञान महागात पडले. १८५० साली जोसेफ हूकर यांनी खासी टेकड्यांतून निळ्या वंदाची सात हमालांची ओझी क्यूच्या बागेसाठी गोळा केली. त्यांतली फारच थोडी इंग्लंडात जिवंत पोहोचली. दुसऱ्या एका गृहस्थाने एकच ओझे पाठविले. ते वाईट अवस्थेत पोहोचूनही ३०० पौंडांना विकले गेले! हूकरनी पाहिले होते की, ही वंदा खुज्या, विरळ पानांच्या झाडांवर ऊन, पाऊस, वारा खात राहते. मुळे कोरड्या सालीवर पसरलेली, जवळ शेवाळही नाही. विलायतेत मात्र तिला कोंदट, तापविलेल्या काचघरात ठेवीत. लुटण्याची घाई होती, घर पाहण्याची नव्हती.

ते घर नीट पाहिले शिंपर या जर्मन शास्त्रज्ञाने. अमेरिकेतल्या अपिवनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १८८८ चा. रानाच्या तळाशी अंधार, म्हणून या वनस्पती उजेडासाठी वर चढल्या. पण वर माती नाही, पाऊस थांबताच पाणी नाही. भर पर्जन्यवनात वाळवंटाचा संसार! अननसाच्या कुळातल्या कित्येक जाती पानांच्या पेल्यात पाणी साठवितात आणि पानांवरच्या खवल्यांनी ते पितात. मुळे उरतात ती बहुधा धरून ठेवण्यापुरती. आमरीच्या मुळांवर टीपकागदासारखे पांढरे वेष्टण असते.

पुढचा शोध मोठा गमतीचा. नलिनी नाडकर्णी (आडनाव ऐकून कान टवकारतील, त्यांचे वडील भारतातले) अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या पर्जन्यवनात गिर्यारोहकांचे दोर बांधून मेपल वृक्षांवर चढल्या. फांद्यांवर शेवाळ नि नेचे यांच्या जाड गाद्या, त्यांत कुजून झालेली माती. गादी उचलली तर खाली मुळे, आणि तीही त्या मेपलचीच! फांदीला मुळे फोडून झाड पाहुण्यांच्या घरचे अन्नपाणी घेत होते. हा शोध १९८१ साली प्रसिद्ध झाला. एवढे मात्र खरे की, पावसात भिजून या गाद्या जड होतात आणि कधी कधी त्या भाराने फांदी मोडून पडते.