प्लस-पी काडतूस

प्लस-पी काडतूस : नेहमीच्या काडतुसाएवढ्याच मापाचे, पण अधिक दाबाला भरलेले पिस्तुलाचे वा रिव्हॉल्व्हरचे काडतूस. पुंगळीच्या बुडावर मापाच्या नावानंतर अधिकचे चिन्ह आणि ‘पी’ हे रोमन अक्षर उमटवलेले असते. बाहेरून ओळख पटवणारी खूण बहुधा तेवढीच. लांबी, व्यास, कड यांत फरक नसल्यामुळे हे काडतूस त्या मापाच्या कोणत्याही पिस्तुलात सहज बसते, आणि सारा धोका या सहज बसण्यातच आहे. येथील विवेचन मुख्यतः अर्धस्वयंचलित पिस्तुलांपुरते आहे.

दाबाच्या मर्यादा अमेरिकेत ‘सामी’ ही शस्त्र व दारूगोळा उत्पादकांची संस्था (स्थापना १९२६) ठरवते. ९ मिमी ल्यूगरची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ३५,००० पौंड, तर त्याच्या प्लस-पीची ३८,५०० पौंड. .४५ एसीपीसाठी हेच आकडे २१,००० आणि २३,००० आहेत. .४० स्मिथ अँड वेसन आणि .३८० ऑटो यांना सामीने प्लस-पीची श्रेणी दिलेलीच नाही. त्या मापांच्या डब्यावर असे काही छापलेले दिसले, तर त्यामागे सामीचे प्रमाण नाही. ‘प्लस-पी-प्लस’ या नावाचेही तसेच. ते प्लस-पीच्या वरचे आहे एवढेच कळते. किती वरचे, हे फक्त उत्पादकाला ठाऊक. युरोपातील ‘सीआयपी’ या आयोगाच्या पद्धतीत प्लस-पी ही श्रेणी नाही. तेथे ९ मिमीची मर्यादा २,३५० बार आहे. नाटोची दाब मोजण्याची रीत आणखी वेगळी असल्याने या तिन्ही पद्धतींचे आकडे थेट शेजारी मांडून तुलना करू नये.

सीआयपीच्या सदस्य देशांत प्रत्येक पिस्तूल विकण्याआधी मर्यादेपेक्षा ३० टक्के जादा दाबाच्या काडतुसाने तपासले जाते. मग दहा टक्क्यांनी काय बिघडणार, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत घातक आहे. तपासणीच्या बारात नळी फुटत नाही एवढेच सिद्ध होते. तेच पोलाद वाढीव ताण हजारो वेळा सोसेल की नाही, याचे उत्तर त्या एकदोन बारांतून मिळत नाही.

धोका किती खरा आहे ते .३८ मापाच्या इतिहासात दिसते. जॉन ब्राउनिंगने रचलेले कोल्ट कंपनीचे .३८ चे पिस्तूल १९०० साली आले. त्याच्या काडतुसाची आजची मर्यादा २६,५०० पौंड आहे. या पिस्तुलाची स्लाइड मागे निसटू नये म्हणून पुढच्या बाजूला एक आडवी पाचर बसवलेली असे. ती निकामी झाली, तर स्लाइड थेट नेमबाजाच्या चेहऱ्यावर येण्याची भीती. पुढे १९२९ मध्ये कोल्टने तीच पुंगळी कितीतरी जोरकस भरून, १९११ नमुन्याच्या दणकट पिस्तुलासाठी ‘सुपर .३८’ या नावाने आणली. तिची मर्यादा ३६,५०० पौंड, म्हणजे जुन्याच्या सुमारे ३८ टक्के अधिक. मापे मात्र तीच! नवे काडतूस जुन्या पिस्तुलात विनातक्रार शिरत असे. अखेर १९७४ मध्ये उद्योगाने .३८ सुपरच्या बुडावर प्लस-पीची खूण घातली. इटलीत १९१० च्या ग्लिसेंटी पिस्तुलाबाबतही असेच आहे : त्याचे मूळ सौम्य काडतूस आणि ९ मिमी ल्यूगर यांची मापे जवळपास एक, पण ल्यूगरचा जोर त्या यंत्रणेला झेपत नाही.

वाढीव दाबाचा परिणाम समजून घेताना दोन ताण वेगळे ओळखले पाहिजेत. बहुतेक चुका त्यांची गल्लत केल्याने होतात. पहिला ताण शिखरदाबाचा. तो एका सहस्रांश सेकंदाच्याही आत येऊन जातो आणि चेंबर, पुंगळी व स्लाइड-नळीला जखडणारे खाचदाते यांच्यावर पडतो. दुसरा ताण आघाताचा : गोळी आणि वायू पुढे गेल्याच्या प्रतिक्रियेने स्लाइड मागे फेकली जाते व फ्रेमवर आदळते. हा आघात गोळीचे वजन आणि वेग यांच्या गुणाकारावर ठरतो, शिखरदाबावर नव्हे. म्हणूनच ११५ ग्रेनच्या गोळीचे प्लस-पी काडतूस आणि १४७ ग्रेनच्या गोळीचे साधे काडतूस स्लाइडला जवळजवळ सारखाच धक्का देतात. चेंबरवरचा ताण मात्र दोघांचा निराळा.

अनेक जण प्लस-पी वापरायचे म्हणून कडक रिकॉइल स्प्रिंग बसवतात आणि निश्चिंत होतात. स्प्रिंग फक्त दुसऱ्या ताणाला आवर घालते. शिखरदाब येतो तेव्हा नळी आणि स्लाइड अजून एकमेकींत अडकलेली असतात, त्यामुळे तिथे स्प्रिंगचा काहीच उपयोग नाही. शिवाय कडकपणा वाढवण्यालाही सीमा आहे. पाच इंची नळीच्या .४५ च्या १९११ नमुन्यात साधारण १६ पौंडांची स्प्रिंग असते. ती फार जड केली, तर स्लाइड पुढे येताना नळीच्या खालच्या भागावर आणि स्लाइड-स्टॉपवर जोराने आपटते. पुढचे काडतूसही चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर आदळते आणि गोळी पुंगळीत मागे ढकलली जाते. गोळी आत गेली की दारूला जागा कमी उरते व दाब झपाट्याने चढतो. जादा दाबाच्या काडतुसात सुरक्षिततेची पुंजी आधीच थोडी खर्च झालेली असते. तिथे ही चढ परवडत नाही. एकच काडतूस रोज चेंबरमध्ये भरून रोज काढण्यानेही गोळी अशीच सरकते. असे आखूड झालेले काडतूस बाजूला ठेवावे, झाडू नये.

उताराजवळ पुंगळीच्या बुडाला नळीचा आधार कितपत मिळतो, हेही पाहावे लागते. १९११ च्या मूळ नळीत तिथे थोडा भाग उघडा राहतो. १९८० च्या दशकात अमेरिकेतील व्यावहारिक नेमबाजीच्या स्पर्धांत .३८ सुपर फार गरम भरले जाई, तेव्हा नेमकी त्याच जागी पुंगळ्या फुटू लागल्या. पूर्ण आधार देणाऱ्या उतारयुक्त नळ्यांचा प्रसार त्यातून झाला. आजही झाडलेल्या पुंगळीच्या बुडाजवळ एका बाजूला फुगवटा दिसला, प्रायमर सपाट झाला वा भोक पडले, पुंगळ्या नेहमीपेक्षा फार लांब उडू लागल्या, तर गोळीबार तिथेच थांबवावा. स्लाइड अतिवेगाने फिरते तेव्हा मॅगझिनची स्प्रिंग पुढचे काडतूस वेळेत वर आणू शकत नाही आणि पिस्तूल अडकते. ही अडचण नेमबाजाच्या हाताची समजून तो दुर्लक्ष करतो, पण दोष बहुधा थकलेल्या स्प्रिंगांचा असतो. उन्हात बंद गाडीत तापलेल्या काडतुसांचा दाब वाढतो, हेही विसरू नये. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.

या साऱ्याच्या बदल्यात हाती काय येते? १२४ ग्रेनच्या ९ मिमी गोळीचा वेग सेकंदाला सुमारे १,१५० फुटांवरून १,२२० वर जातो, म्हणजे सहा टक्के. रोजच्या सरावासाठी एवढ्याकरता पिस्तूल झिजवण्यात अर्थ नाही. सराव साध्या काडतुसांनी करावा. प्लस-पी फक्त पिस्तूल ते बिनचूक हाताळते याची खात्री होण्यापुरते झाडावे.

भारतात ९ मिमी हे बोअर सर्वसाधारण परवानाधारकाला मिळत नाही, त्यामुळे हा प्रश्न येथे प्रामुख्याने सैन्य-पोलिसांचा, आणि परदेशात राहणाऱ्या मराठी नेमबाजांचा. देशातील परवानाधारकांकडे बहुधा .३२ ची पिस्तुले असतात. त्यांतील बहुतेकांत नळी आणि स्लाइड जखडणारी यंत्रणाच नसते. स्लाइडचे वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच सारे पेलले जाते. या मापाची सामी-मर्यादा २०,५०० पौंड आहे आणि त्याला प्लस-पी श्रेणी नाही. घरी दारू वाढवून भरलेले काडतूस अशा पिस्तुलात घालणे प्राणघातक ठरू शकते, आणि परवान्याविना काडतुसे बनवणे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हाही आहे.

कोणत्याही पिस्तुलाबाबत शेवटचा शब्द उत्पादकाच्या पुस्तिकेचा. तिच्यात प्लस-पीला स्पष्ट परवानगी नसेल, तर ती नाही असेच धरावे. पुस्तिका हरवली असेल, तर पिस्तुलाचा क्रमांक कळवून उत्पादकाला विचारावे आणि उत्तर येईपर्यंत साधीच काडतुसे वापरावीत.