ओळख पटेना

लातूरहून वहिनींचा फोन आला तेव्हा मी नांदेडला घरी बसून दिवाळीच्या चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होतो.

"भाऊजी, तुमच्या दादांच्या कंप्युटरनं मला ओळखणं सोडलंय."

आमचे दादा इतिहासाचे मास्तर. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या घराण्याचा इतिहास लिहायला घेतला. घराण्यात पराक्रमी असं कोणी निपजलेलं नसल्यामुळे हे काम सावकाश चाललं होतं. लिहिलेलं पान ते मोठ्यानं वाचत आणि तो आवाज संगणकात भरून ठेवत. म्हणत, "चूक डोळ्याला दिसत नाही, कानाला खुपते." दादा गेले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून वहिनी रोज सकाळी देवपूजा झाली की संगणकाचं बटण दाबत आणि अर्धा तास दादांचं वाचन ऐकत. बटणाच्या पुढचं संगणकशास्त्र त्यांना ठाऊक नव्हतं. तशी सोयच दादांनी करून ठेवली होती. बटण दाबलं की दार आपोआप उघडायचं, नाव नाही, गाव नाही. "तुला काही लक्षात ठेवायला नको," असं म्हणाले होते म्हणे.

दिवाळीला पुतण्या पुण्याहून आला. त्यानं 'जुनी सिस्टिम धोक्याची असते' असं म्हणत संगणकात नवी सिस्टिम ओतली आणि रात्रीच्या गाडीनं परत गेला. दुसऱ्या दिवशी वहिनींनी बटण दाबलं, तर पडद्यावर दादांचं नाव आणि खाली एक रिकामी चौकट. परवलीचा शब्द सांगा! पुतण्याला विचारलं तर फोनवर म्हणाला, "काका, सगळं पुसून नव्यानं टाकू का? तासाभराचं काम आहे." वहिनी यावर काहीच बोलल्या नाहीत. म्हणून मी दुसऱ्या दिवशी लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं लातूर गाठलं.

एसटीत खिडकीची जागा मिळाली की माझ्यासारख्या निवृत्त कारकुनालाही चिंतन सुचतं. तसं पाहिलं तर दारावर अडवणं ही प्रथा फार जुनी. शाल्वानं द्वारकेला वेढा घातला तेव्हा मुद्रा दाखवल्याशिवाय कोणाला गावाबाहेर जाता येत नव्हतं की आत येता येत नव्हतं, असं महाभारताच्या वनपर्वातच आहे. रोमन छावणीत रात्रीचा परवलीचा शब्द लाकडी पाटीवर लिहून तुकडीतुकडीतून फिरवत आणि अंधार पडायच्या आत पाटी परत आली नाही, तर ती कुठं अडली याचा तपास होई. आमच्या हापिसातल्या फायलींना ही पद्धत लावली असती तर!

संगणकाला हा सोवळेपणा शिकवला अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेनं. 1961 साली फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांनी वाटून वापरायची युक्ती काढली. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडं आली की प्रत्येक खोलीला कुलूप हवंच. म्हणून ज्याला त्याला आपापला शब्द दिला. पण 1962 सालीच ॲलन शेर नावाच्या तरुण संशोधकानं सगळ्यांच्या परवलीच्या शब्दांची यादी छापून घेतली. कारण काय, तर त्याला आठवड्याला चारच तास मिळायचे आणि ते पुरत नव्हते. पुढं 1966 साली तर कहरच झाला. एका फायलीची दुसरीशी अदलाबदल झाली आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला 'सुस्वागतम्' ऐवजी सगळ्यांच्या परवलीच्या शब्दांची यादी दिसू लागली. म्हणजे कुलूप आणि कुलपाची फजिती यांच्यात वर्षाचंही अंतर नाही.

आता आपोआप उघडणाऱ्या दाराची गोष्ट. मला वाटायचं, यंत्राला माणसाची सवय होत असेल, गोठ्यातल्या गाईसारखी. तसं काही नसतं. परवलीचा शब्द असतोच. फक्त तो आणि मालकाचं नाव एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवलेलं असतं आणि बटण दाबलं की यंत्र ती चिठ्ठी स्वतःच स्वतःला वाचून दाखवतं. काही ठिकाणी तर ती साध्या वाचता येण्याजोग्या अक्षरांत असते. नवी सिस्टिम आली की कधी साफसफाईत ही चिठ्ठी जाते, कधी चिठ्ठीवरचं नाव आणि नव्या वहीतलं नाव जुळत नाही, तर कधी नवा पहारेकरी म्हणतो, 'असली चिठ्ठीबाजी माझ्याकडं चालणार नाही.' उपाय सोपा आहे. एकदा खरा शब्द सांगून आत जायचं आणि चिठ्ठी पुन्हा लिहून ठेवायची. अडचण एवढीच, की ज्याच्याकडं वर्षानुवर्षं दार आपोआप उघडत आलं, त्याच्या घरात खरा शब्द कोणालाच ठाऊक नसतो.

मराठवाड्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आमचं शेत औसा तालुक्यात. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत ते निजामाच्या राज्यात होतं. 1956 साली मुंबई राज्यात गेलं, 1960 साली महाराष्ट्रात, आणि 1982 साली उस्मानाबाद जिल्ह्यातून नव्या लातूर जिल्ह्यात. शेत बिचारं बांधाच्या बाहेर तसूभर सरकलं नाही. खिशातला हाली सिक्कासुद्धा 1959 पर्यंत कलदार रुपयाच्या शेजारी कसाबसा नांदला. सहा कलदारांना सात हाली मोजावे लागत. आजोबांना या कशाचं काही वाटलं नाही, कारण पटवारी त्यांना चेहऱ्यानं ओळखायचा. पटवारी बदलला, दप्तराची भाषा बदलली, आणि घरातले उर्दू कागद वाचणारं कोणी उरलं नाही. 2023 साली सरकारनं निजामकालीन नोंदी शोधायला समिती नेमली, तेव्हा गावोगाव उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना जावयासारखा मान मिळाला तो याच्यामुळेच.

तर लातूरला पोचलो. चहा झाला. संगणकापुढं बसलो आणि वहिनींचं नाव घातलं. नाही. पुतण्याचं घातलं. नाही. चौकटीखाली एक ओळ उमटली. चुकलेल्या माणसासाठी मालकानं लिहून ठेवलेली खूण होती ती: 'आजोबांच्या खरेदीखताचं साल.'

"अगं बाई, ते तर तेच सांगायचे की! चौतीस साल," वहिनी म्हणाल्या.

1934 घातलं. नाही. 1935 घातलं. नाही. यंत्र म्हणालं, थोड्या वेळानं या. अगदी सरकारी आवाजात.

वहिनींनी लोखंडी ट्रंकेतून खरेदीखत काढलं. वरपासून खालपर्यंत उर्दू, आणि तळाशी आजोबांची मोडीतली सही, तेवढीच आपली. गल्लीच्या टोकाला उर्दू शाळेतले एक निवृत्त गुरुजी राहतात. त्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला आणि दोन ओळी अशा सुरात वाचल्या, की शेताची चतुःसीमासुद्धा गझलेसारखी वाटली. मग म्हणाले, "महिना बहमन. सन 1344 फसली."

फसली! निजामाच्या दप्तराचं साल. त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो, 1934. हे गणित दादांनी मला लहानपणी दहा वेळा सांगितलं होतं आणि मी दहाही वेळा हूं म्हटलं होतं. दादा इतिहासाचे मास्तर. कागदावर आहे तेच लिहायचं, आपल्या सोयीनं बदलायचं नाही.

1344 घातलं.

दार उघडलं. वहिनींनी पुढं होऊन नेहमीच्या जागी बोट टेकवलं आणि दादांचा आवाज आला, मध्येच खोकला, मग "प्रकरण चौथे." गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तिघंही प्रकरण संपेपर्यंत उठलो नाही.

नंतर मी म्हटलं, "वहिनी, आता पुन्हा आपोआपचं करून देतो."

"नको भाऊजी, राहू द्या. मीच टाकत जाईन."

आकडा विसरू नये म्हणून गुरुजींनी तो एका चिठ्ठीवर लिहून दिला. रात्री पुतण्याचा फोन आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकदम घाबरून म्हणाला, "आई, तू तो आकडा कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलायस? अगं, कोणीही वाचेल!"

"वाचू दे की," वहिनी म्हणाल्या, "उर्दूत लिहिलाय."