बैलाची शेवटची किंमत

शेतकऱ्याच्या घरीं बैल हा केवळ कष्टांचा सोबती नसतो. तो त्याची पुंजीहि असतो. आज ज्यास जालना जिल्हा म्हणतात त्या मुलखांत, अंबडच्या गोदाकांठापासून भोकरदनपर्यंत, हा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आला. जोडी थकली म्हणजे शेतकरी ती आठवड्याच्या बाजारांत नेई. रुमालाखालीं बोटें धरून सौदा ठरे. आलेल्या रकमेंत पदरची भर घालून नवीं खोंडें दावणीला येत. म्हाताऱ्या बैलाची ही शेवटची किंमत म्हणजे पुढच्या जोडीचें भांडवल होय.

या व्यवहारांत कायदा हळूहळू शिरला. गाई, वासरें आणि इतर दुभत्या व ओढकामाच्या जनावरांची कत्तल थांबवावी, अशी दिशा भारतीय घटनेच्या ४८ व्या कलमानें राज्यांस दाखविली. परंतु निरुपयोगी झालेल्या बैलांच्या कत्तलीवर सरसकट बंदी घालणें वाजवी नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९५८ सालीं दिला. महाराष्ट्राचा १९७६ चा पशुसंरक्षण कायदा याच मर्यादेंत राहिला. गाईस त्यानें संपूर्ण अभय दिलें. बैलाच्या कत्तलीस मात्र अधिकाऱ्याचा दाखला लागे. पुढें २००५ सालीं गुजरातच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानें बहुमतानें जुना निर्णय फिरविला. शेण व मूत्र देणारा बैल कधींच निरुपयोगी होत नाहीं, हा त्यांतील एक मुख्य युक्तिवाद होता.

महाराष्ट्र विधिमंडळानें १९९५ सालीं मंजूर केलेली दुरुस्ति राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ४ मार्च २०१५ रोजीं अमलांत आली. वळू व बैल यांची कत्तल पूर्णपणें बंद झाली. गुन्ह्यास पांच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठरली. गोवंशाचें मांस परदेशीं पाठविण्यास पूर्वींच मनाई होती. निर्यात चाले ती म्हशीच्या मांसाची, आणि म्हैस या नव्या बंदींत आली नाहीं.

जालन्याच्या शेतकऱ्यावर ही वेळ मोठी कठीण आली. २०१२ च्या दुष्काळांत मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या होत्या. २०१४ आणि २०१५ सालींहि पावसानें दगा दिला. चारा संपला कीं जनावर विकून घर सांवरावें, हा दुष्काळांतला जुना उपाय. परंतु थकलेल्या बैलाला आतां गिऱ्हाईक उरलें नाहीं, आणि ज्याला शेवटीं मोल नाहीं त्या जनावराचें तरुणपणींचें मोलहि घटतें.

गोवंश राखावा, शेणखतानें जमिनीचा कस वाढावा, हा कायद्याच्या पुरस्कर्त्यांचा हेतु होता. गोशाळांना साह्य देण्याची योजनाहि सरकारनें २०१७ सालीं काढली. तथापि पशुगणनेचे आंकडे बोलके आहेत. २०१२ सालीं महाराष्ट्रांत गोवंश सुमारें १ कोटी ५५ लाख होता. २०१९ सालीं तो १ कोटी ४० लाखांवर आला. म्हशी मात्र सुमारें ५६ लाखच राहिल्या. ट्रॅक्टरचा प्रसार हेंहि या घटीचें कारण खरें. पण विकतां न येणारें जनावर पाळण्यास शेतकरी कचरतो, हेंहि नाकारतां येत नाहीं.

कायद्यानें बैलाचा जीव राखला. त्याच्या म्हातारपणाची वैरण कोणीं पुरवावी, हें मात्र सांगितलें नाहीं. पोळ्याला ज्यानें त्याच्या शिंगांना रंग लावला, त्याच्याच रित्या दावणीवर तो भार मुकाट्यानें येऊन पडला.