मांडवा लिहायचं की अलिबाग? वेबसाइटवरचे ‘कीवर्ड’ आणि किनाऱ्यावरचा धंदा

मांडवा (ता. अलिबाग) : गेटवेला लाँचच्या रांगेत उभा असलेला पर्यटक हातातल्या मोबाईलवर काहीतरी शोधत असतो. ‘मांडवा बोटीची वेळ’, ‘अलिबाग बीचजवळ रूम’, ‘रो-रोने गाडी न्यायला किती पैसे’. शोधताना तो जे शब्द टाईप करतो, किंवा हल्ली नुसते बोलतो, त्यांनाच कीवर्ड म्हणतात. हे शब्द ज्याच्या पानावर नीट लिहिलेले असतात, त्याचं पान गुगलवर वर दिसण्याची शक्यता वाढते. मांडवा ते किहीम पट्ट्यात घरगुती खोल्या, खानावळी आणि वाडीतला माल विकणाऱ्यांची संख्या वाढली आहे. वेबसाइट बऱ्याच जणांनी करून घेतली, पण गिऱ्हाईक अजून मध्यस्थ ॲपवरूनच येतं आणि त्याचं कमिशन जातं ते जातंच. यात बऱ्याचदा दोष खोलीचा नसतो, पानावरच्या मजकुराचा असतो.

गुगलचा प्रोग्राम सतत वेबसाइट वाचत फिरतो आणि पुस्तकाच्या मागे असते तशी शब्दांची सूची तयार करतो. कोणी काही शोधलं की सूचीतून जुळणारी पानं काढून त्यांचा क्रम लावतो. क्रम लावताना शब्द तर पाहतोच, शिवाय शोधणारा कुठे आहे, त्याला नेमकं काय हवं असावं, पानाला दुसऱ्या कुणी दुवा दिला आहे का, पान मोबाईलवर नीट उघडतं का, हेही पाहतो. म्हणजे कीवर्ड हा दरवाजा आहे, अख्खं घर नव्हे.

मांडव्याची अडचण नावापासूनच सुरू होते. राजस्थानात झुंझुनू जिल्ह्यात मंडावा नावाचं गाव आहे. शेखावाटीतल्या रंगवलेल्या हवेल्यांमुळे तिथं देशी-परदेशी पर्यटक जातात. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन्ही गावांत फरक फक्त मधल्या एका ‘ए’चा. विदर्भ-मराठवाड्यातही मांडवा नावाची गावं आहेत. त्यात ‘अग्निपथ’ चित्रपटाची भर, १९९० चा आणि २०१२ चा, दोन्हींतल्या नायकाचं गाव मांडवा. त्यामुळे नुसतं ‘मांडवा होमस्टे’ लिहून भागत नाही. ‘मांडवा जेट्टी’, ‘मांडवा, अलिबाग’, ‘मांडवा, जि. रायगड’ अशी जोडी लागते. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाल्यापासून गाडी घेऊन येणारं कुटुंब हे वेगळंच गिऱ्हाईक झालं आहे. ते ‘रो-रो’ हा शब्द धरून शोधतं, म्हणून पार्किंगची सोय असेल तर ती त्याच वाक्यात सांगावी.

अलिबागचं इंग्रजी स्पेलिंगही दोन प्रकारे चालतं, कुठे शेवटी ‘बी-ए-जी’, तर कुठे ‘बी-ए-यू-जी’. दोन्ही एकच गाव आहे हे गुगलला कळतं. एक शीर्षकात आणि दुसरं पत्त्यात आलं की पुरे. दोन्ही स्पेलिंगं वीस-वीस वेळा कोंबायची गरज नाही.

मराठीतून लिहिताना काय होतं

मराठीत शब्द रूप बदलतो. मांडवा, मांडव्याला, मांडव्याहून, मांडव्यातला. माणसाला हे एकच वाटतं, पण यंत्राला मराठीत ते इंग्रजीइतकं सफाईने जमेलच असं नाही. म्हणून शीर्षकात आणि पहिल्या ओळीत शब्दाचं मूळ रूप एकदा तरी यावं : ‘मांडवा बोट वेळापत्रक’, ‘पांढरा कांदा विक्री’. खाली मग नेहमीसारखी मराठी लिहावी.

‘पांढऱ्या’ या शब्दात आणखी एक मेख आहे. त्यातलं ‘ऱ्य’ संगणकावर दोन वेगवेगळ्या प्रकारे टाईप होतं. पडद्यावर अक्षर सारखंच दिसतं, पण आतला संकेत निराळा असतो. एकाच वेबसाइटवर एका पानावर एक प्रकार आणि दुसऱ्यावर दुसरा असेल, तर पानातला शोधसुद्धा चुकतो. टाईप करणाऱ्याला एकच कीबोर्ड वापरायला सांगावं. तेही जमत नसेल तर ‘पांढरा कांदा’ हे साधं रूप ठळक जागी ठेवावं.

याहून मोठी चूक डीटीपीच्या दुकानातून येते. लग्नपत्रिका नि बॅनरसाठी श्रीलिपी, कृतीदेव असे जुने फाँट अजून वापरात आहेत. तिथला मजकूर तसाच वेबसाइटवर चिकटवला तर गुगलला मराठी दिसत नाही, अक्षरांचा काला दिसतो. वेबसाइटवरचा मजकूर युनिकोडमध्येच हवा, जुना असेल तर बदलून घ्यावा. दुसरा प्रकार पोस्टरचा. खोलीचं भाडं, जेवणाचा दर, फोन नंबर सगळं एका रंगीत चित्रात छापून तेच चित्र पानावर टाकतात. व्हॉट्सॲपला ते ठीक आहे. पण चित्रातल्या अक्षरांवर शोधयंत्राचा भरवसा धरू नये, तीच माहिती खाली टाईप करून लिहावी आणि फोटोच्या वर्णनाच्या रकान्यात फोटोत काय आहे ते एका ओळीत द्यावं.

शब्द कुठे ठेवायचे

पानाचं शीर्षक ही सर्वांत महत्त्वाची जागा. ‘होम’ किंवा ‘वेलकम’ असं शीर्षक असलेली पानं आजही भरपूर सापडतील. त्याऐवजी ‘आवास येथे घरगुती होमस्टे, मांडवा जेट्टीजवळ, अलिबाग’ असं लिहिलं तर गुगललाही कळतं आणि गिऱ्हाईकालाही. पाठोपाठ पानावरचं मोठं ठळक वाक्य, पहिला परिच्छेद आणि पानाचा पत्ता. ‘मेटा कीवर्ड’ नावाचा एक छुपा रकाना असतो, तो भरून देण्याचे पैसे काही एजंट अजून घेतात. क्रम लावताना हा रकाना वापरत नाही, असं गुगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

एकच शब्द पन्नासदा लिहिणं, पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात शब्द लपवणं, हे धंदे पूर्वी चालायचे. २०११ च्या ‘पांडा’ आणि २०१२ च्या ‘पेंग्विन’ या बदलांनंतर अशी पानं खाली ढकलली जाऊ लागली. आज ते गुगलच्या नियमांविरुद्ध आहे, पान यादीतून काढलंही जाऊ शकतं.

एका शब्दापेक्षा पूर्ण वाक्प्रयोग जास्त कामाचा. ‘अलिबाग हॉटेल’ या शब्दांवर मोठ्या कंपन्यांशी टक्कर आहे, तिथे दोन खोल्यांच्या घराचा निभाव लागणार नाही. पण ‘सासवणे करमरकर शिल्पालयाजवळ राहण्याची सोय’ किंवा ‘अलिबागला पोपटी कुठे मिळेल’ हे शोधणारे थोडे असले तरी पक्के असतात. पोपटीचंच घ्या. थंडीत वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यात मडक्यात भाजायच्या, हे रायगडकराला सांगावं लागत नाही. बाहेरच्याला मात्र पोपटी म्हणजे साडीचा रंग. म्हणून ‘पोपटी, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा’ असं लिहावं. ज्याला नाव माहीत आहे तोही येतो, नसलेलाही येतो.

शब्द खरा असला पाहिजे, हे सर्वांत आधी सांगायला हवं होतं. घर चोंढीला आणि पानावर ‘मांडवा बीच’. माणसं जेट्टीवर उतरतात, रिक्षाचे पैसे भरतात आणि रात्री एक तारा देऊन मोकळी होतात. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, तरी वेळापत्रकाचं पान जुलैतही तसंच राहतं. रो-रो हवामान पाहून चालते, तेवढी एक ओळ तरी टाकावी. पांढऱ्या कांद्याचं तर कायद्याचंच काम आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे आणि त्या कायद्यानुसार मानांकनाचं नाव वापरण्याचा हक्क नोंदणी झालेल्या अधिकृत वापरकर्त्यांना असतो. बाहेरचा कांदा आणून ‘अलिबागचा पांढरा कांदा’ हा कीवर्ड लावणं ही नुसती चलाखी नव्हे. कार्ले, खंडाळ्याच्या शेतकऱ्याचं त्यात थेट नुकसान आहे. ज्याची नोंदणी आहे त्याने मात्र ती पानावर जरूर सांगावी, गावाच्या नावासकट.

ज्यांची वेबसाइटच नाही त्यांनी गुगलवरची व्यवसायाची नोंद आधी नीट करावी. ती फुकट आहे. नाव पाटीवर आहे तेच द्यावं. नावाच्या पुढे ‘बेस्ट सी व्ह्यू स्वस्त रूम’ जोडलं तर नोंद थांबवली जाते. नकाशावरची खूण स्वतः उभं राहून लावावी, नाहीतर पाहुण्यांची गाडी शेजाऱ्याच्या वाडीत शिरते.

‘महिन्यात पहिल्या नंबरवर आणतो’ असं सांगणारे फोन सगळ्यांनाच येतात. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असं खुद्द गुगल सांगतं. ‘प्रायोजित’ लिहिलेल्या जागा पैसे भरून मिळतात, पण त्या जाहिराती आहेत. पैसे थांबले की त्याही गेल्या. काम कोणालाही द्या, वेबसाइटचं नाव आणि त्याचा पासवर्ड मालकाच्या स्वतःच्या ईमेलवर असला पाहिजे. एजंटाने फोन उचलायचा बंद केला की मग हाती काही राहत नाही.

कोणत्या शब्दांवरून लोक आले, हे ‘गुगल सर्च कन्सोल’मध्ये फुकट दिसतं. कोणता शब्द कोणत्या महिन्यात जास्त शोधला जातो, ते ‘गुगल ट्रेंड्स’वर. नवा मजकूर गुगलच्या नजरेत यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. लाँच पावसाळा संपताना पुन्हा सुरू होतात, तेव्हा भाताची लावणी उरकल्यावर जुलै-ऑगस्टमध्ये जो रिकामा वेळ मिळतो, त्यातच हे लिहून टाकलेलं बरं.